बावीस नंबरचं तुटलेलं टोक कुठे गेलं?

१९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोन संशोधकांना ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, काही रुग्णांच्या रक्तपेशींत एक खुरटं गुणसूत्र दिसलं. त्याचा बराचसा भाग गायब होता. सगळ्या प्रकारच्या ल्युकेमियांत ते दिसत नव्हतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या एकाच प्रकारात दिसत होतं, आणि त्या प्रकारच्या एकामागून एक रुग्णांत तेच खुरटं गुणसूत्र सापडत होतं. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणू लागले. कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकाराशी कायम जोडलेला गुणसूत्रातला बदल पहिल्यांदाच कुणाच्या नजरेला पडला होता.

पण तुटलेला तुकडा गेला कुठे? बहुतेकांनी तो नष्ट झाला असं धरून चाललं. खरं उत्तर मिळायला आणखी बारा वर्षं लागली आणि ते शोधलं शिकागोच्या डॉ. जॅनेट रोली यांनी. आज या आजाराचे बहुतेक रुग्ण रोजची गोळी घेऊन आपापल्या कामाला लागतात, त्यामागची साखळी त्या उत्तरापासून सुरू होते. रोली यांची गोष्ट पुष्कळदा एका क्षणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते: जेवणाचं टेबल, पसरलेले फोटो आणि अचानक लागलेला शोध. मला त्याआधीची दहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या दहा वर्षांत त्यांच्या हाती ठळक असं काहीच लागलं नव्हतं, आणि तरी त्या बघत राहिल्या होत्या.

आधी रक्तात काय बिघडतं ते पाहू. आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते, तिला अस्थिमज्जा म्हणतात. तिथल्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका अशा सगळ्या रक्तपेशी तयार होतात, रोज अब्जावधींच्या संख्येनं. पेशी जन्मते, टप्प्याटप्प्यानं पक्व होते, आपलं काम करते आणि मरते. ल्युकेमियात मज्जेतली एखादी पेशी या शिस्तीतून निसटते. तिच्यापासून झालेल्या पेशी गरज नसताना वाढत राहतात आणि मज्जेतली जागा व्यापतात. चांगल्या पेशींना वाव उरत नाही. म्हणून रुग्णाला थकवा येतो, ताप आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं.

ल्युकेमियाचे ढोबळ दोन गट पडतात. तीव्र, म्हणजे अक्यूट प्रकारात पेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात, पक्व होतच नाहीत, आणि उपचार नसतील तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव जातो. दीर्घकालीन, म्हणजे क्रॉनिक प्रकारात पेशी बऱ्यापैकी पक्व होतात, पण त्यांची संख्या अफाट वाढते, प्लीहा फुगते, आणि आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असाच रेंगाळणारा. मात्र उपचार लागू पडले नाहीत तर काही वर्षांनी तो एकाएकी रूप बदलतो आणि तीव्र ल्युकेमियासारखा भडकतो. या शेवटच्या टप्प्याला डॉक्टर ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. ही संज्ञा लक्षात ठेवा, रोली यांच्या शोधात ती पुन्हा येणार आहे.

हा आजार डॉक्टरांना १८४५ पासून माहीत होता. बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्खो आणि एडिनबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी त्या एकाच वर्षी त्याची वर्णनं लिहिली. पण पुढची शंभराहून अधिक वर्षं, पांढऱ्या पेशी फार वाढतात यापलीकडे त्याचं मूळ कुणाला सांगता येत नव्हतं. मूळच माहीत नसेल तर उपचारही एकाच पद्धतीचे होतात: वाढणाऱ्या सगळ्याच पेशी मारायच्या, चांगल्याही आणि वाईटही.

आता गुणसूत्रं. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबलचक धागे असतात. पेशी दुभंगण्याच्या वेळी ते घट्ट गुंडाळले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे दिसू लागतात. माणसात अशी ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या असतात. ढोबळमानानं मोठ्यापासून लहानाकडे त्यांना क्रमांक दिलेले आहेत. ही ४६ची संख्यासुद्धा फार जुनी नाही. ती १९५६ मध्ये पक्की झाली, तोवर सगळे ४८ धरून चालले होते. त्या काळी वापरले जाणारे रंग गुणसूत्र सरसकट गडद करून टाकत. त्यामुळे ओळख पटवायला लांबी आणि मधली चिमटलेली जागा एवढ्या दोनच खुणा असत. २१ आणि २२ नंबरची गुणसूत्रं तर इतकी सारखी दिसत, की फिलाडेल्फिया क्रोमोसोम यातलं नेमकं कुठलं, यावर कित्येक वर्षं एकमत नव्हतं.

रोली या क्षेत्रात आल्या त्या आडवाटेनं. त्यांचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्कमधला. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकागो विद्यापीठाच्या एका विशेष अभ्यासक्रमात दाखल झाल्या. पुढे तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी तीनच जागा होत्या आणि त्या भरलेल्या होत्या. नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी डोनाल्ड रोली या सहाध्यायी डॉक्टरशी लग्न केलं. चार मुलगे झाले. सर्वांत धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी पूर्णवेळ नोकरी केली नाही, आठवड्यातले थोडेच दिवस काम केलं. म्हणजे त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध संशोधन अर्धवेळ नोकरीच्या काळातल्या तयारीवर उभं आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण संशोधकाची कारकीर्द अखंड आणि सरळ रेषेतली असावी लागते ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी पक्की आहे.

गुणसूत्रांची गोडी त्यांना लागली ती डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात काम करताना. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं, की या मुलांत २१ नंबरचं एक गुणसूत्र जादा असतं. एखाद्या स्थितीचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसू शकतं, ही त्या वेळी अगदी नवी गोष्ट होती. १९६१ मध्ये पतीला ऑक्सफर्डला एका वर्षासाठी जायचं होतं. रोली बरोबर गेल्या आणि तिथल्या प्रयोगशाळेत गुणसूत्रांचा अभ्यास कसा करतात ते शिकल्या. परत आल्यावर त्यांनी शिकागो विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांना गाठलं. एक सूक्ष्मदर्शक, बसायला जागा आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल एवढं वेतन, एवढंच त्यांचं मागणं होतं. जेकबसन यांनी ते वर्षाला ५,००० डॉलरवर मान्य केलं आणि आपल्या ल्युकेमियाच्या रुग्णांची गुणसूत्रं पाहायला सांगितलं.

मग सुरू झाली ती दहा वर्षं. एकेका रुग्णाच्या काचपट्ट्या, त्यातल्या दुभंगणाऱ्या पेशी शोधणं, फोटो काढणं, गुणसूत्रं मोजणं. कुठे एक जास्त, कुठे एक कमी, कुठे काहीतरी विचित्र. पण दोन रुग्णांत सारखं असं काही हाती लागत नव्हतं. त्या वेळी कर्करोगतज्ज्ञांचं साधारण मत असं होतं, की गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे: पेशी बिघडली की तिच्यात सगळाच गोंधळ माजतो, त्यातलाच हा एक भाग. फिलाडेल्फिया क्रोमोसोम अपवाद म्हणून बाजूला ठेवलं जायचं. रोली यांच्या नोंदीही वरवर पाहता याच मताला दुजोरा देत होत्या. तरी या वर्षांनी एक गोष्ट दिली. सर्वसाधारण मोडतोड कशी दिसते हे त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलं. त्यामुळे पुढे एक वेगळी, नेमकी गोष्ट समोर आली तेव्हा ती गोंधळात हरवली नाही.

१९७०च्या सुमारास स्वीडनमध्ये टॉर्बयॉर्न कॅस्परसन यांच्या गटानं नवं तंत्र आणलं. क्विनॅक्रिन नावाचं रंगद्रव्य वापरलं, तर अतिनील प्रकाशात गुणसूत्रांवर उजळ आणि मंद पट्टे उमटतात. आणि प्रत्येक गुणसूत्राची पट्ट्यांची रचना वेगळी असते. एकसारख्या काड्यांच्या ढिगातली प्रत्येक काडी आता ओळखता येऊ लागली, इतकंच नव्हे, तर एखाद्या काडीचा कुठला भाग कुठून आला हेही सांगता येऊ लागलं. फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणजे तुटलेलं २२ नंबर, हेही यातूनच ठरलं. १९७०-७१ मध्ये रोली पुन्हा ऑक्सफर्डला होत्या. तिथे त्यांनी हे तंत्र आत्मसात केलं.

शिकागोला परतल्यावर त्यांनी जुने आणि नवे नमुने या तंत्रानं पाहायला घेतले. क्विनॅक्रिनची चमक लवकर विझते, म्हणून फोटो काढून ठेवावे लागत. फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं, जोड्या लावायच्या, ओळीनं मांडायचं. हे काम त्या घरी, जेवणाच्या टेबलावर करत. आई कागदी बाहुल्या खेळते, असं मुलं त्यांना चिडवत.

पहिला शोध लागला तो फिलाडेल्फिया क्रोमोसोमबद्दलचा नव्हता, हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. १९७२ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या दोन रुग्णांत त्यांना ८ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांत सारखाच बदल दिसला. ८ चं टोक २१ वर गेलं होतं आणि २१ चं ८ वर. दोन वेगळी माणसं, पण अदलाबदल तीच, त्याच जागांवर.

त्यानंतर त्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या ब्लास्ट क्रायसिसमधल्या रुग्णांचे नमुने पाहत होत्या. २२ नंबर खुरटं होतं, ते अपेक्षितच होतं. पण ९ नंबरच्या जोडीतल्या एका गुणसूत्राच्या टोकाला एक फिकट जादा तुकडा दिसला. आधी वाटलं, आजार भडकल्यामुळे हा बदल झाला असेल. सुदैवानं यातल्या काही रुग्णांचे आधीच्या, शांत टप्प्यातले नमुने त्यांच्याकडे होते. ते काढून पाहिले तर तिथेही तोच जादा तुकडा. म्हणजे आजार भडकण्याशी त्याचा संबंध नव्हता, तो पहिल्यापासून होता. मग पुढची शंका: या माणसांची ९ नंबरची गुणसूत्रं जन्मापासूनच अशी असतील तर? म्हणून त्यांच्या निरोगी पेशी तपासल्या. त्यांत दोन्ही ९ नंबर नेहमीसारखे निघाले. बदल फक्त ल्युकेमियाच्या पेशींत होता, आणि ९ वर आलेला तुकडा २२ वरून गेलेल्या तुकड्याएवढा होता.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही तपासणी. जादा तुकडा दिसणं हे नजरेचं आणि तंत्राचं यश. पण दुसरं काही कारण असू शकेल का, हे एकामागून एक विचारत जाणं आणि प्रत्येक वेळी पुन्हा काचपट्टीकडे जाणं, त्यामुळे ते निरीक्षण शोध ठरलं. बारा वर्षांपूर्वी हरवलेला तुकडा हरवला नव्हताच. तो ९ नंबरवर जाऊन बसला होता. अशा अदलाबदलीला ट्रान्सलोकेशन म्हणतात. रोली यांचा निबंध जून १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ८ आणि २१ वरचा निबंधही त्याच वर्षी एका फ्रेंच नियतकालिकात आला.

स्वागत थंडच झालं. अनेकांनी या निरीक्षणाकडे कौतुकमिश्रित दुर्लक्षानं पाहिलं. गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे कर्करोग होतो, असं मानायला लोक तयार नव्हते. रोली यांनी वाद घालण्याऐवजी उदाहरणं गोळा केली. १९७७ मध्ये तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ ची अदलाबदल त्यांच्या गटानं दाखवली. इथेही तेच: हाच आजार असेल तर हीच अदलाबदल, दुसऱ्या आजारात ती नाही. नुसत्या गोंधळातून एवढी शिस्त कशी येईल? प्रत्येक प्रकाराची स्वतःची खूण असेल, तर ती खूण आजाराच्या मुळाशीच असली पाहिजे. पुढे त्यांच्या गटानं एका लिंफोमातली, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगातली, १४ आणि १८ ची अदलाबदलही दाखवली.

पण अदलाबदलीमुळे आजार का होतो? नुसतं दोन तुकडे जागा बदलतात, माल तर तेवढाच राहतो. दोन पुस्तकं बांधताना शेवटची पानं एकमेकांत गेली असं समजा. बहुतेक मजकूर शाबूत राहील, पण जिथे पानं बदलली तिथे एका पुस्तकातलं अर्धं वाक्य दुसऱ्या पुस्तकातल्या अर्ध्या वाक्याला जोडलं जाईल, आणि दोन्ही पुस्तकांत कधीच नसलेलं एक तिसरंच वाक्य तयार होईल. २२ नंबरवर नेमकं हेच घडतं. ९ नंबरच्या टोकाजवळ एबीएल नावाचं जनुक आहे. ते २२ वर सरकतं, हे १९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकारानं दाखवलं गेलं. तिथे ते बीसीआर नावाच्या जनुकाच्या अर्ध्या भागाला चिकटतं. या जोडजनुकावरून पेशी एक नवं प्रथिन बनवते: बीसीआर-एबीएल.

एबीएल प्रथिन निरोगी पेशीतही असतं. ते टायरोसिन कायनेज या गटातलं आहे. इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवायचा आणि त्यातून पेशीला वाढीचे संदेश पोचवायचे, हे या गटाचं काम. निरोगी एबीएल बहुतेक वेळ बंद असतं, कारण त्याचा पुढचा भाग वळून त्याला दाबून धरतो. जोडप्रथिनात हा लगाम निकामी होतो, आणि बीसीआरचा तुकडा अशा दोन-दोन रेणूंना एकत्र आणतो, त्यामुळे ते एकमेकांना चालू करतात. मग संदेश थांबतच नाही. १९९० मध्ये उंदरांच्या मज्जेत हे जोडजनुक घातलं, तर उंदरांना माणसासारखाच ल्युकेमिया झाला. कारण की परिणाम, या जुन्या वादाचा निकाल तिथे लागला.

एक प्रथिन, एकच काम, आणि ते बंद करता आलं तर? स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या सिबा-गायगी कंपनीत निक लायडन आणि सहकारी कायनेज अडवणारे रेणू बनवत होते. कायनेजला काम करायला एटीपी नावाचा ऊर्जा देणारा रेणू लागतो आणि तो प्रथिनातल्या एका खाचेत बसतो. ती खाच आपल्या रेणूनं आधीच अडवायची, ही कल्पना. शरीरात शेकडो कायनेज आहेत आणि खाच जवळपास सगळ्यांत सारखी आहे, त्यामुळे फक्त एकाला अडवणं अशक्य, असं तज्ज्ञ म्हणत. तरी एक रेणू बराच नेमका निघाला. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ब्रायन ड्रकर यांनी तो रुग्णांच्या पेशींवर तपासला. बीसीआर-एबीएल असलेल्या पेशींची वाढ थांबली, निरोगी पेशींना फारसा धक्का लागला नाही. १९९८ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या, क्रॉनिक टप्प्यातल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्ततपासणी पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. तेच इमॅटिनिब.

त्याआधी या निदानाचा अर्थ काय होता, ते लक्षात घ्यायला हवं. दाता मिळाला आणि वय साथ देत असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तेही जोखमीचं. नाहीतर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ज्यांनी बरेच जण हैराण होत. नाहीतर काही वर्षांचीच मुदत. आज योग्य वेळी उपचार सुरू झालेल्या बऱ्याच रुग्णांचं आयुर्मान निरोगी माणसाच्या आसपास पोचलं आहे. हे औषध सर्वांना पुरतं असंही नाही. काहींमध्ये बीसीआर-एबीएलचा आकार थोडा बदलतो आणि इमॅटिनिब खाचेत नीट बसत नाही. हे बदल नेमके कुठले, ते चार्ल्स सॉयर्स यांच्या गटानं शोधलं आणि त्यावर डॅसॅटिनिब, निलोटिनिब, पोनॅटिनिब अशी पुढची औषधं आली. दुसरीकडे, वर्षानुवर्षं खोलवर आटोक्यात असलेल्या काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवता येते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार परतत नाही, हेही फ्रान्समधल्या चाचण्यांनी दाखवलं आहे.

१५ आणि १७ ची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्तस्रावामुळे अतिशय धोकादायक. पेशी प्रोमायलोसाइट या अर्धवट अवस्थेत अडकून पडतात. शांघायमध्ये वांग झेनयी आणि सहकाऱ्यांनी या पेशींना मारण्याऐवजी पक्व करता येईल का, हे पाहायचं ठरवलं. त्यांनी अ जीवनसत्त्वापासून मिळणारं रेटिनॉइक अ‍ॅसिड रुग्णांना दिलं. १९८८ मध्ये त्यांनी २४ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले: सगळ्यांचा आजार आटोक्यात आला, त्यातल्या २३ जणांचा केवळ या औषधानं. हे औषध नेमकं का चाललं, याचं उत्तर त्या वेळी नव्हतं. काही वर्षांतच १७ नंबरवरचं तुटलेलं जनुक कुठलं ते सापडलं. ते होतं रेटिनॉइक अ‍ॅसिडला पकडणारं ग्राहक प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, बनवणारं जनुक! अदलाबदलीमुळे बिघडलेल्या त्याच प्रथिनावर शांघायचं औषध काम करत होतं. शिकागोतल्या सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण आणि शांघायमधला उपचार स्वतंत्रपणे निघून एकाच रेणूपाशी येऊन भेटले. पुढे चीनमधल्याच हार्बिनच्या डॉक्टरांनी वापरलेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्याच्या जोडीला आलं. आज या ल्युकेमियातले बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, फक्त निदान लवकर व्हायला हवं, कारण पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव अजूनही जीवघेणा ठरतो.

लिंफोमातल्या १४-१८ अदलाबदलीतून बीसीएल-२ हे जनुक सापडलं. त्याचं प्रथिन पेशीला मरू देत नाही. कर्करोग म्हणजे फक्त जास्त वाढणं नव्हे, वेळेवर न मरणंही आहे, हे त्यातून कळलं. त्या प्रथिनाला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून रुग्णांना मिळू लागलं.

आता थोडं उपयोगाचं. घरात कुणाचं ल्युकेमियाचं निदान झालं असेल, तर मज्जेच्या किंवा रक्ताच्या अहवालात टी हे अक्षर आणि पुढे कंसात दोन आकडे दिसतील. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, आणि आकडे म्हणजे कुठल्या दोन गुणसूत्रांत अदलाबदल झाली. त्यापुढच्या कंसात पी किंवा क्यू आणि आणखी आकडे असतात. पी म्हणजे गुणसूत्राची आखूड भुजा, क्यू म्हणजे लांब भुजा, आणि आकडा म्हणजे कितव्या पट्ट्यापाशी तुटलं ते. ९ आणि २२, क्यू ३४ आणि क्यू ११ असं लिहिलेलं असेल, तर ते फिलाडेल्फिया क्रोमोसोम. हे तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांतही असतं, आणि तिथेही इमॅटिनिबच्या गटातली औषधं केमोथेरपीच्या जोडीनं किंवा इतर औषधांबरोबर देतात. ८ आणि २१ असेल तर त्यावर स्वतंत्र गोळी नाही, पण तीव्र मायलॉइड ल्युकेमियात केमोथेरपीला चांगली दाद देणाऱ्या प्रकारांत त्याची गणना होते, त्यामुळे प्रत्यारोपण लगेच करायचं की थांबायचं हे ठरवायला मदत होते. उलट ५ किंवा ७ नंबरचं गुणसूत्र हरवलेलं असेल, तर डॉक्टर अधिक काळजीत पडतात. आधीच्या कर्करोगावर झालेल्या केमोथेरपीनंतर किंवा किरणोपचारांनंतर उद्भवणाऱ्या ल्युकेमियात हा बदल वारंवार दिसतो. हेही शिकागोमध्ये रोली आणि सहकाऱ्यांनीच सविस्तर नोंदवलं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दर काही महिन्यांनी बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजतात. आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ते ०.१ टक्का किंवा त्याखाली आलं तर उपचार उत्तम चालले आहेत असं समजतात. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या खुरट्या गुणसूत्राचाच हा आजचा मागोवा आहे. फक्त आता लाखो निरोगी पेशींत दडलेली थोडीशी रोगट पेशीही पकडता येते.

रोली यांना १९९८ मध्ये नोवेल आणि आल्फ्रेड नडसन यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ऐंशी ओलांडल्यावरही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, अंडाशयाच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं. सन्मानांपेक्षा मला त्यांची शेवटपर्यंत टिकलेली एक भूमिका जास्त जवळची वाटते. आपलं काम निरीक्षणाचं आहे, आधी सिद्धांत मांडून मग तो तपासण्याचं नव्हे, हे त्या उघडपणे सांगत. निरीक्षणाला दुय्यम विज्ञान मानणाऱ्यांना त्यांच्या कामाइतकं ठोस उत्तर मला दुसरं माहीत नाही. १९७२ मध्ये एबीएल २२ वर जातं असा सिद्धांत कुणी मांडूच शकलं नसतं, कारण त्या दिशेनं बघायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मुळातला एक प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. ९ आणि २२ नेमकी तिथेच का तुटतात? अणुबाँबनंतर हिरोशिमात वाचलेल्यांत हा ल्युकेमिया वाढला, म्हणजे किरणोत्सर्गाचा हात आहे, पण बहुतेक रुग्णांचा तशा किरणोत्सर्गाशी काहीच संबंध आलेला नसतो. केंद्रकात ही दोन जनुकं एकमेकांच्या शेजारी असतात, म्हणून तुटल्यावर चुकीची जोडली जातात, असं एक स्पष्टीकरण आहे. आणि त्याहून कोड्यात टाकणारी बाब अशी, की अतिसंवेदनशील चाचण्यांत बीसीआर-एबीएल काही पूर्ण निरोगी माणसांच्या रक्तातही अत्यल्प प्रमाणात सापडतं, आणि त्यातल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. बहुधा चूक कुठल्या पेशीत होते यावर सगळं अवलंबून असावं: थोड्याच दिवसांत मरणाऱ्या पेशीत झाली तर ती तिच्याबरोबर संपते, मज्जेतल्या दीर्घायुषी मूळ पेशीत झाली तर पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. पण मूळ पेशीत होऊनही काही जणांत ती वाढू का शकत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती तिला कितपत रोखते, यावर प्रयोगशाळांत आजही काम चालू आहे.